रंग गेला, पण गेला कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इचलकरंजीजवळ तुमचं छोटं प्रोसेस हाउस, म्हणजे कापड धुऊन-रंगवून देणारा कारखाना आहे. दिवसाला लाखभर लिटर सांडपाणी निघतं, माल बहुतेक कॉटन, रंग रिॲक्टिव्ह, म्हणजे सुताशी रासायनिक बंध जुळवणारे. ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये, आधी चुना-फेरस (लोखंडाचा क्षार), मग एरेशन, म्हणजे हवा फुंकायची टाकी, मग क्लॅरिफायर, म्हणजे गाळ खाली बसवायची टाकी. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, कशीबशी मर्यादेत बसते, पण पाणी शेवटपर्यंत जांभळट-काळंच राहतं. त्यात एक विक्रेता ‘नॅनो पावडर’ आणि ‘बॅक्टेरिया कल्चर’ असा जोडप्रस्ताव घेऊन आलाय. त्याच्या मोबाइलवरच्या व्हिडिओत दहा मिनिटांत निळं पाणी काचेसारखं होतं. घ्यावं का, असं तुम्ही विचारता. शिवाय जाता जाता हेही विचारलंय, की डीसायझिंगचं, म्हणजे विणण्यासाठी सुताला लावलेली खळ धुऊन काढतानाचं, पाणी ईटीपीवर उगाच भार टाकतं, ते वेगळं काढून टँकरवाल्याला देऊन टाकावं का.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पावडर आत्ता घेऊ नका. जीवाणू विकत घ्यायची गरज नाही, ते तुमच्या गटारात पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. तुम्ही त्यांना चुकीच्या टाकीत बसवलंय एवढंच. आणि खळीचं पाणी कुणालाही देऊ नका. त्याचं शेवटी सांगतो.

व्हिडिओपासून सुरू करू. असल्या प्रात्यक्षिकात निळा रंग दिसला की मी पहिलं विचारतो, हा मिथिलीन ब्लू आहे का? बहुतेक वेळा असतोच. हा रंग धनभारित. कोळसा, शाडू, लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं, जे टाकाल त्याला जाऊन चिकटतो. उन्हात ठेवला तरी फिकटतो. अल्कलीत ग्लुकोज घालून ठेवला तर आपोआप रंगहीन होतो, आणि बाटली हलवली की हवा लागून पुन्हा निळा. कॉलेजात हा प्रयोग जादू म्हणून दाखवतात. तुमच्या पाण्यातला रंग या जातीचा नाही. तुम्ही काळ्या शेडला जो ‘ब्लॅक बी’ वापरता, म्हणजे रिॲक्टिव्ह ब्लॅक ५, त्याच्या रेणूवर ऋणभारित सल्फोनेट गट बसवलेले असतात. का, तर तो पाण्यात छान विरघळावा म्हणून. जो रंग मुळात पाण्यात राहण्यासाठी घडवलाय, तो पाण्यातून बाहेर यायला कुरकुर करणारच. फेरस-चुन्यात डिस्पर्स आणि व्हॅट हे पाण्यात न विरघळणारे रंग खाली बसतात, रिॲक्टिव्ह मात्र बराचसा तसाच पुढे सरकतो. डोस वाढवून त्याला खाली बसवता येतं, पण मग गाळाचे ढीग लागतात.

रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले १९५६ मध्ये. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीनं ते प्रोसिऑन नावानं आणले. सुताच्या सेल्युलोजशी रंगाचा रासायनिक बंधच जुळवायचा, म्हणजे धुतला तरी सुटणार नाही, अशी ती कल्पना होती आणि ती खरोखर फार हुशार होती. खोट एकच. सोडा ॲश घालून पीएच साडेदहा-अकरावर नेला की रंग सुताशी बंध जुळवतो, तसाच पाण्याशीही जुळवतो. ज्यानं पाण्याशी सोयरीक केली तो रंग कायमचा निकामी. तो सुताला लागत नाही, परत वापरता येत नाही, थेट नाल्यात जातो. शेड आणि रंगाच्या जातीप्रमाणे दहा टक्क्यांपासून तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत रंग असा वाया जातो.

आकडा मांडून बघा. १०० किलो कापडाला काळ्या शेडसाठी ५ किलो रंग. त्यातला पाव भाग सुटला तर सव्वा किलो. त्या लॉटला सगळ्या धुण्या धरून ८,००० लिटर पाणी लागलं असं समजा. म्हणजे लिटरला साधारण १५६ मिलिग्रॅम. आता विक्रेता सांगतो, ‘९५ टक्के रंग काढतो.’ उरले जवळपास ८ मिलिग्रॅम. डोळ्याला एका मिलिग्रॅमच्या आसपासचा रंगसुद्धा दिसतो. म्हणजे ९५ टक्के काढूनही पाणी रंगीतच, आणि पुलावरून बघणाऱ्याला ते रंगीतच दिसणार. टक्केवारीवर कधी जाऊ नका. शेवटी किती उरलं ते विचारा. केंद्राच्या २०१६ च्या अधिसूचनेत कापड उद्योगासाठी रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक (पाण्याचा रंग मोजायचं माप) आहे, टक्केवारी नाही.

आता मुद्द्याचं. पाण्यातला रंग दिसेनासा होतो, तो तीन वेगळ्या रीतींनी. एक, तो कशाला तरी चिकटतो. दुसरं, तो तुटतो. तिसरं, तो पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड, पाणी, नायट्रेट, सल्फेट एवढंच उरतं. डोळ्याला तिन्ही सारखेच दिसतात. विक्रेत्याच्या व्हिडिओलाही.

चिकटला असेल तर रंग गेलेला नाही, पावडरीवर बसून गाळात गेलाय. ओळखायचं कसं? ती पावडर गाळून घ्या, कॉस्टिकच्या पातळ द्रावणात किंवा मिथेनॉलमध्ये हलवा. रंग परत उतरला तर समजा, तुम्ही महागडा कोळसा विकत घेताय. नॅनो शब्दाला भुलू नका. टायटॅनियम डायऑक्साइडची प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाणारी पी-२५ नावाची भुकटी असते, तिचे कण २० नॅनोमीटरच्या आसपास, आणि पृष्ठफळ ग्रॅमला साधारण ५० चौरस मीटर. चांगल्या सक्रिय कोळशाचं ग्रॅमला हजारच्या घरात जातं. नुसतं चिकटवायचंच असेल तर नॅनोपेक्षा करवंटीचा कोळसा सरस.

तुटला असेल तर गोष्ट नाजूक होते. आपल्याकडचे बहुसंख्य रंग ॲझो जातीचे. दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध हा त्यांच्या रंगाचा कणा. तो तोडला की रंग गेला, पण तुकडे उरतात, आणि ते तुकडे म्हणजे ॲरोमॅटिक अमाइन. सगळेच घातक नसतात, पण बेंझिडीनसारखे काही कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेत. म्हणून तर जर्मनीनं १९९४ मध्ये आणि भारतानं १९९७ मध्ये असे अमाइन सोडणाऱ्या ॲझो रंगांवर बंदी आणली. तुमचे आजचे रंग त्या यादीत नाहीत, तरी तुटलेल्या रंगाचं पाणी रंगीत पाण्यापेक्षा निरुपद्रवी असेलच असं नाही. कधी जास्त विषारीही असतं.

याचा धडा मला एका बाटलीनं दिला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका प्रोसेसरकडे आम्ही एक छोटी बंद टाकी चालवत होतो. ब्लॅक बीचं पाणी आत, आणि बाहेर येताना फिकट पिवळसर, जवळजवळ नितळ. मालक खूश, मीही खूश. एक लिटरची बाटली भरून त्यांच्या ऑफिसच्या खिडकीत ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. झाकण कुणीतरी उघडं ठेवलं. शुक्रवारी ठेवलेली बाटली सोमवारी बघितली तर वरून खाली गडद होत आलेली, कोऱ्या चहासारखी. रंग परत आला होता. कारण असं, की रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ तुटल्यावर मधला जो नॅप्थलीनचा तुकडा उरतो त्याच्यावर तीन अमाइन आणि एक हायड्रॉक्सिल बसलेला असतो. तो हवेतल्या ऑक्सिजननं आपोआप ऑक्सिडाइझ होतो आणि पुन्हा रंगीत पदार्थ बनवतो. आम्ही अर्धंच काम करून फोटो काढले होते. तेव्हापासून माझी पहिली चाचणी हीच: झाकण उघडं ठेवून बाटली दोन-तीन दिवस उजेडात ठेवायची. सीओडीची किट नंतर.

तर मग जीवाणू. इथं मात्र आपल्या भागानं जगाला काही दिलंय. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं कापडाच्या रंगांवर काम केलं. त्यांच्या एका स्यूडोमोनास जीवाणूच्या नावातच ‘एसयूके-१’ आहे, शिवाजी युनिव्हर्सिटी कोल्हापूर. या क्षेत्रात कुठेही संशोधन निबंध उघडा, हे नाव भेटतंच. अशा कामांतून आणि जगभरातल्या इतर कामांतून पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट ही, की फ्लास्क स्थिर ठेवला तर रंग काही तासांत जातो, हलवत्या यंत्रावर ठेवला तर जात नाही किंवा फार हळू जातो.

तुमच्या ईटीपीचं सगळं दुखणं या वाक्यात आहे. जीवाणू अन्न खातो तेव्हा त्याच्याकडे इलेक्ट्रॉन साचतात, ते कुठेतरी टाकावे लागतात. ऑक्सिजन असेल तर तो ऑक्सिजनलाच देतो, कारण त्यात त्याचा फायदा सर्वांत जास्त. ऑक्सिजन नसेल, नायट्रेटही नसेल, तर मग ॲझो बंधाकडे वळतो. ॲझोरिडक्टेस नावाची एन्झाइम ते इलेक्ट्रॉन बंधावर चढवतात आणि बंध तुटतो. तुम्ही फेरस-चुन्यानंतर पाणी थेट एरेशनला नेता आणि ब्लोअर चोवीस तास चालू ठेवता. जीवाणू ऑक्सिजन ओरपतात, रंगाकडे ढुंकूनही बघत नाहीत. तुमचा मिक्सर जितका चांगला तितका रंग टिकाऊ!

म्हणून क्रम उलटा करावा लागतो, आणि दोन्ही पायऱ्या कराव्या लागतात. आधी हवा नसलेली टाकी, तिथं बंध तुटतो. मग हवेची टाकी, तिथं अमाइन खाल्ले जातात, कारण अमाइनचं कडं फोडायला बहुतेक जीवाणूंना ऑक्सिजन लागतोच. पहिल्यावर थांबलात तर माझी बाटली. फक्त दुसरी केलीत तर आजचं तुमचं पाणी. सल्फोनेट असलेले काही अमाइन हवेच्या टाकीतही हटवादी राहतात, हेही कबूल करून ठेवतो. तिथं शेवटी थोडं पॉलिशिंग लागतं.

प्रत्यक्षात हे कसं जमवायचं? इक्वलायझेशन टाकीनंतर, म्हणजे दिवसभराचं पाणी मिसळून एकसारखं करणाऱ्या टाकीनंतर, एक बंदिस्त टाकी, बारा ते चोवीस तास पाणी राहील एवढी. नवीन बांधायला जागा नसेल तर जुन्या एरेशन टाकीत भिंत घालून एक तृतीयांश भाग वेगळा काढा. मी दोन ठिकाणी तसं केलंय. आत ब्लोअर नाही, फक्त हळू फिरणारा पंखा किंवा पंपानं पाणी फिरवणं, गाळ तरंगता राहील इतकंच. ओआरपी मीटर लावा, पाण्यात ऑक्सिडेशन चाललंय की त्याच्या उलटं ते तो दाखवतो. तो वजा २०० मिलिव्होल्टच्या खाली असेल तर काम चाललंय. शून्याच्या आसपास असेल तर कुठून तरी हवा शिरतेय. बहुधा पाणी वरून धबधब्यासारखं पडत असतं, पाइप पाण्याखाली न्या. पीएच सात ते आठ. तापमान पस्तिशीच्या आत-बाहेर. रंगाईच्या जेट मशिनीचं उकळतं पाणी थेट आत आलं तर जीवाणू शिजतात, वरण होतं त्यांचं. आणि या टाकीत कधीही माणूस उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइडचा वास पहिल्या झटक्यात येतो, मग नाकच बधिर होतं आणि माणूस दुसरा श्वास घेईपर्यंत खाली. आतलं काम यंत्रानं, नाहीतर पूर्ण रिकामी करून, वारा खेळवून, गॅस मोजूनच.

बियाणं तुमच्या भागात फुकट आहे. काळ्या ओढ्याच्या काठचा गाळ, तुमच्याच गटाराच्या तळाचा गाळ, थोडं शेण. त्या गाळातल्या जीवाणूंनी तुमचे रंग, तुमचं मीठ, तुमचा साबण कित्येक वर्षं पचवलाय. पाकिटातला जीवाणू कुठल्यातरी गोड वातावरणात वाढलेला असतो, तुमच्या टाकीत आला की दोन दिवसांत गारद. कल्चर विकणारा दर महिन्याला नवं पाकीट घ्या म्हणतो, त्यातच काय ते समजा.

मीठ हा खरा खलनायक. रिॲक्टिव्हला लिटरला ४० ते ८० ग्रॅम ग्लॉबर मीठ (सोडियम सल्फेट) किंवा साधं मीठ लागतं, आणि ते शंभर टक्के नाल्यात जातं, एक कणही कापडाला लागत नाही. रोज सारखं मीठ आलं तर जीवाणू सवय करून घेतात. त्रास होतो चढउतारानं. सकाळी पांढरा माल, दुपारी काळ्याचे चार लॉट एकदम सुटले, की त्यांच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि टाकी चार दिवस आजारी. म्हणून इक्वलायझेशन टाकी मोठी हवी. ज्यांची ती सहा तासांची आहे त्यांना मी बाकी काही सांगायच्या आधी तीच वाढवायला सांगतो. आणि ध्यानात ठेवा: नॅनो असो वा जीवाणू, मिठाला कुणीच हात लावत नाही. टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम आहे. रंगाचं पाणी काचेसारखं झालं तरी ते खारटच राहील. त्यासाठी रंगाईच्या पहिल्या बाथचं मीठपाणी वेगळं काढून आरओ-इव्हॅपोरेटरकडे (पडद्यातून गाळून, मग आटवून मीठ वेगळं करणारी यंत्रं) किंवा सामाईक शुद्धीकरण केंद्राकडे, दुसरा मार्ग नाही. तिरुपूरला मद्रास उच्च न्यायालयानं २०११ मध्ये रंगाचे कारखाने बंद केले, तेव्हा तिथल्यांना हा हिशेब एका रात्रीत शिकावा लागला.

ग्लॉबर मिठातलं सल्फेट बंद टाकीत सल्फाइड होतं. वास येतो, लोक ओरडतात. पण हे सगळं नुकसानच नाही. सल्फाइड स्वतःही ॲझो बंध तोडतो. आणि तुमच्या गाळात फेरसचं लोखंड आहेच. दोघं भेटले की काळाकुट्ट आयर्न सल्फाइड बनतो, अत्यंत बारीक कणांचा, आणि तोही रंग तोडायला मदत करतो. म्हणजे जीवाणू तुमच्या टाकीत स्वतःच नॅनोपदार्थ तयार करताहेत, फुकट. विक्रेत्याला हे सांगून बघा.

आता नॅनोपदार्थांकडे वळतो. त्यांना मी नावं ठेवत नाही, जागा दाखवतो.

टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पडला की तो पाण्यातले पदार्थ जाळू शकतो. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी त्यावर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन दाखवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. रसायन खरं आहे. अडचण प्रकाशाची. त्याला अतिनील लागतो, ३८८ नॅनोमीटरच्या आतला, आणि उन्हात तो चार-पाच टक्केच. शिवाय तुमचं पाणी काळं. एका सेंटिमीटरलाच शंभरातला एक भाग प्रकाश पार होत असेल तर तीन मीटर खोल टाकीच्या तळाशी मध्यरात्रच असते. वर पाण्यात क्लोराइड, कार्बोनेट. ते तयार झालेले रॅडिकल, म्हणजे रंग जाळणारे अल्पायुषी कण, आधीच गिळून टाकतात. आणि मात्रा: प्रयोगशाळेत लिटरला एक ग्रॅम सर्रास टाकतात. तुमच्या लाख लिटरला ते रोजचे १०० किलो झाले. परत गोळा करणार कसे? वीस नॅनोमीटरचे कण क्लॅरिफायरमध्ये सहज बसत नाहीत. हे तंत्र शेवटी, पाणी जवळजवळ नितळ झाल्यावर, काचेवर किंवा जाळीवर भुकटी पक्की बसवून वापरायचं आहे. सुरुवातीला नाही.

झिंक ऑक्साइड आणि चांदीचे कण जीवाणूंसोबत मुळीच नकोत. चांदी जीवाणूच मारते, म्हणून तर ती मोज्यांत घालतात. झिंक विरघळून आयन सोडतो. एका ठिकाणी झिंक ऑक्साइडची फोटो-टाकी एरेशनच्या आधी बसवलेली मी पाहिली. पंधरवड्यात एसव्ही-३० ची, म्हणजे अर्ध्या तासात गाळ किती बसतो ते दाखवणारी, नळी बघवेना: गाळ बसायचा थांबला, वर दुधाळ पाणी. दोष त्या पदार्थाचा नव्हता, क्रमाचा होता.

लोखंडाचं वेगळं. शून्य-संयुजी नॅनो लोखंड, म्हणजे गंज न चढलेलं अतिबारीक लोखंड, ॲझो बंध मिनिटांत तोडतं. व्हिडिओतली पावडर काळी असेल आणि चुंबकाला लागत असेल तर हेच असावं, किंवा मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला लागणारं लोह ऑक्साइड. पण हे तोडतं, जाळत नाही. म्हणजे पुन्हा अमाइन, पुन्हा माझी बाटली, पुढं हवेची टाकी हवीच. कोरडं असेल तर हवेत पेट घेऊ शकतं, ओलं ठेवलं तर गंजून निकामी होतं. यावर एक गोष्ट मला फार आवडते. नॅनो लोखंड पाणी शुद्धीसाठी पुढं आणणाऱ्या पहिल्या लोकांत वेइ-शियान झांग हे नाव आहे, अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठातलं, १९९७ च्या सुमाराचं काम. त्याच झांग यांनी पुढं चिनी सहकाऱ्यांबरोबर शांघायच्या ताओपू औद्योगिक भागातलं सांडपाणी जीवाणूंकडे जाण्याआधी लोखंडावरून नेलं, आणि वापरलं काय, तर तांब्याचा पातळ थर दिलेला लोखंडाचा कीस. नॅनो नव्हे. लेथवरून पडतो तो.

तो कीस तुमच्यापासून तासाभरावर कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींत पोत्यानं मिळतो. कॉस्टिकनं तेल धुऊन घ्या, प्लॅस्टिकच्या पिंपात भरा, सौम्य आम्ल पीएचला पाणी खालून वर चढवा. गंजाचा थर चढतो, कीस एकमेकांत चिकटून ढेकूळ होतं, महिन्या-दोन महिन्यांनी उलटंपालटं करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. पण चालतं.

नॅनो आणि जीवाणू यांची खरी जोडी कुठं जमते? जिथं नॅनोपदार्थ स्वतः रंग खात नाही, जीवाणूचे इलेक्ट्रॉन रंगापर्यंत वाहून नेतो तिथं. रंगाचा मोठा, सल्फोनेटनं जडावलेला रेणू जीवाणूच्या पेशीत सहजी शिरत नाही. बंध पेशीबाहेर तुटावा लागतो, आणि त्यासाठी मध्ये हमाल लागतो. शेवानेला नावाचा जीवाणू यात पटाईत आहे, तो इलेक्ट्रॉन पेशीबाहेर काढून देतो. मॅग्नेटाइटचे कण, ग्राफिन, कार्बन नॅनोट्यूब आणि साधा कोळसासुद्धा हे हमालीचं काम करतात. साध्या कोळशाच्या पृष्ठभागावर क्विनोन गट असतात, ते इलेक्ट्रॉन घेतात आणि देतात, झिजत नाहीत. म्हणून इथं मात्रा रोज टाकायची नसते, एकदा टाकीत ठेवायची असते. हा फरक विक्रेत्याच्या कोटेशनात शोधा.

यातही एकदा हात पोळून घेतलाय. एका संशोधक गटाची पद्धत आम्ही प्रत्यक्ष प्लांटवर आणली: जीवाणू आणि मॅग्नेटाइट सोडियम अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातला जेलीसारखा पदार्थ) द्रावणात मिसळायचे, थेंब-थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडायचे, की टपोरे काळे मणी होतात. दिसायला भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, फक्त काळे. चुंबक लावला की सगळे एका बाजूला गोळा. प्रयोगशाळेत तेच मणी वीस वेळा वापरले होते. प्लांटवर पहिल्या दिवशी उत्तम. दुसऱ्या दिवशी बोटांत दाबले तर मऊ. तिसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, आणि मॅग्नेटाइट तळाशी. दोन रात्री डोकं खाजवल्यावर उलगडलं. मणी कॅल्शियमनं बांधलेले होते. रंगाईत पाण्याची जडता मारायला आपण काय टाकतो? सिक्वेस्टरिंग एजंट, हेक्सामेटाफॉस्फेट. त्यांचं कामच कॅल्शियम पकडणं. वर सोडा आणि ढीगभर सोडियम. प्रयोगशाळेतलं पाणी हे डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलेला शुद्ध रंग होतं. आमच्यात रंगाशिवाय बाकी अख्खा कारखाना होता. त्यानंतर आम्ही मण्यांचा नाद सोडला आणि करवंटीचा दाणेदार कोळसा जाळीच्या पिशव्यांत भरून बंद टाकीत टांगला. जीवाणू आपणहून त्यावर थर धरून बसले. रंग जाण्याचा वेळ स्पष्ट घटला, आणि कोळसा अजून तोच आहे, अधूनमधून झटकतात.

तर विक्रेत्याला परत बोलवा, हाकलू नका. व्हिडिओ नको म्हणावं. तुमच्या इक्वलायझेशन टाकीतलं, काळा लॉट चालू असतानाचं पाणी द्या, त्यात काही न मिसळता, पातळ न करता. किती वेळ लागतो ते मोजा. मग पावडर गाळून कॉस्टिकमध्ये हलवा. पाणी दोन दिवस उघडं ठेवा. आधीची आणि नंतरची सीओडी स्वतंत्र लॅबमधून करून घ्या. रंग गेला आणि सीओडी तशीच, तर काय झालं ते तुम्हाला आता कळेल. आणि वापरलेल्या पावडरीचं काय करायचं ते लेखी मागा. ईटीपीचा रासायनिक गाळ घातक कचऱ्यात मोडतो, तो रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवायचा खर्च तुमच्याच माथी येतो. विक्रेता उत्तरादाखल हायपोची (सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीच) बाटली काढू लागला तर मात्र चहा पाजून निरोप द्या. हायपोनं रंग पटकन उडतो हे खरं, पण अमाइनवर क्लोरीन चढून जे बनतं ते रंगापेक्षा वाईट, आणि पुढच्या टाकीतले जीवाणूही मरतात.

राहिलं खळीचं पाणी. तुम्हाला ते ओझं वाटतं, कारण त्याचा बीओडी, म्हणजे ते पचवायला जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन, प्रचंड आणि एरेशनमध्ये तो वीज खातो. पण बंद टाकीतल्या जीवाणूंना इलेक्ट्रॉन कुठून आणायचे? रंग त्यांचं अन्न नाही, त्यातून त्यांचं पोट भरत नाही. त्यांना दुसरं काहीतरी खायला लागतं. लोक यासाठी मळी विकत आणतात, ग्लुकोज आणतात. तुमच्या डीसायझिंगमध्ये एन्झाइमनं अर्धवट फोडलेला स्टार्च रोज तयार वाहतोय. ते पाणी वेगळ्या टाकीत साठवा आणि छोट्या पंपानं दिवसभर थोडं-थोडं बंद टाकीत सोडा, काळ्या लॉटच्या वेळी जरा जास्त. एकदम ओतलंत तर टाकी आंबट होईल, पीएच घसरेल. फक्त आधी सायझिंगवाल्याला विचारून घ्या, खळीत पीव्हीए (कृत्रिम खळ) किती मिसळतो. पीव्हीए जीवाणूंना सहज पचत नाही, तो जास्त असेल त्या बीमचं (सुताच्या रुळाचं) पाणी बाजूला ठेवा. ओआरपी वजा २०० च्या वर सरकू लागला की खळ कमी पडतेय, एवढी खूण ऑपरेटरला पुरते. भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.